बेळगावच्या काकू

कंट्रोलसाठी मागवलेल्या पेशी बेंगळुरूहून निघाल्या होत्या, पण हुबळीच्या अलीकडे कुठेतरी पुरात अडकल्या होत्या. आणि सोमवारी समिती येणार होती.

"अडकल्या म्हणजे मेल्या," इरफान शिकलगार म्हणाला. "कोरडा बर्फ काय पूर ओसरेपर्यंत थांबणार आहे व्हय?"

मिहिका मगदूम नुसतीच यंत्राकडे बघत राहिली. मिरजेच्या या संस्थेत ती चार वर्षं होती. माणसांवर उपचार करायची परवानगी देणाऱ्या समितीसमोर सोमवारी प्रयोगशाळेचं सगळं काम तीच मांडणार होती, आणि त्यासाठी शेवटची तपासणी आज व्हायलाच हवी होती. ती मोजत असलेल्या नमुन्यात खूण आहे हे दाखवायचं, तर आधी खूण नसलेल्या माणसाच्या पेशी यंत्राला दाखवायला हव्यात. यंत्राने तिथे 'काही नाही' म्हटलं, तरच दुसरीकडे ते 'आहे' म्हणतं त्याला अर्थ. त्यालाच कंट्रोल म्हणायचं.

"एक केस उपट की," इरफान म्हणाला. "बाकीच्या लॅबमध्ये सगळे स्वतःचंच वापरतात."

"मॅडमना चालत नाही."

"मॅडम रविवारपर्यंत पुण्यात आहेत."

"मग तुझा दे."

इरफानने टकलावरून हात फिरवला. "इथं राहिलंयच काय? जे आहे ते सासऱ्यांना दाखवायला ठेवलंय."

मिहिका हसली आणि तिने कानामागचा एक केस मुळासकट उपटला.

केसाच्या मुळाशी मूलपेशी असतात. त्वचा, आतडं, केस हे सगळं आयुष्यभर ज्यांच्यापासून नव्याने घडत राहतं, त्या या पेशी. मूलपेशी विभागली की तिच्या दोन लेकी होतात. एक जागेवरच मूलपेशी म्हणून राहते, दुसरी कामाला लागते आणि झिजून मरते. विभागण्याआधी डीएनएचे दोन धागे पिळलेल्या दोरीच्या पदरांसारखे सुटतात आणि प्रत्येकासमोर एक नवा धागा विणला जातो. एवढं शाळेतही शिकवतात. पण त्या दोन सुट्या धाग्यांचं वय सारखं नसतं. एक मागच्याच खेपेला विणलेला असतो, दुसरा कितीतरी पिढ्यांपूर्वीचा, अगदी मुळातला असू शकतो. मागच्या शतकात कोणीतरी विचारलं होतं, की मुळातला धागा असलेली जोडी मूलपेशी दर वेळी स्वतःकडेच तर ठेवून घेत नसेल? नक्कल करताना चुका होतात. ओरिजिनल घरात ठेवायचं आणि झेरॉक्स बाहेर द्यायची, तसं असेल तर चुका मरणाऱ्या पेशींबरोबर निघून जातील.

ती शंका कित्येक दशकं लोंबकळत राहिली. काही ठिकाणी तसं दिसायचं, काही ठिकाणी नाही. डॉ. शैलजा तांबवेकरांनी, म्हणजे मिहिकाच्या मॅडमनी, निसर्ग काय करतो यावर वाद घालणं सोडलं आणि त्याला ते करायला लावलं. डीएनएच्या विटांपैकी एका विटेत त्यांनी जड नायट्रोजन आणि जड कार्बन ठरावीक प्रमाणात बसवले. ती वीट आईच्या रक्तातून गर्भाला द्यायची, मूलपेशी घडत असतानाच. मुळातल्या धाग्यावर खूण बसते, धागा किंचित ताठ होतो, आणि पुढे प्रत्येक विभाजनात पेशी त्याला हटकून मुक्कामाच्या बाजूला ओढते. उंदरांमध्ये हे लख्ख दिसलं होतं.

काही घराण्यांमध्ये नकलेतल्या चुका दुरुस्त करणारं जनुकच बिघडलेलं असतं. आई आणि बाप दोघांकडूनही ते बिघडलेलं आलं, तर मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत आतड्यात नाहीतर मेंदूत गाठी येतात. त्या मुलांसाठी ही खूण होती. मिहिका या विषयाकडे वळली तीही त्यामुळेच. तिचा भाऊ पारस तिच्या जन्माआधी याच दुखण्याने गेला होता. स्वतः मिहिका मात्र निर्दोष होती. तिचा अहवाल लहानपणी मॅडमनीच बघितला होता.

माणसांमधला पुरावा एकच होता. परदेशात जाऊन हा उपचार घेतलेल्या एका घरातलं मूल, आता मोठं झालेलं. नाव विचारायचं नाही. वर्षातून दोनदा मॅडम एका छोट्या कुपीत त्या व्यक्तीचे केस आणायच्या आणि बेळगावहून आलेत म्हणायच्या. केसांना नेहमी खोबरेल असायचं, ते धुऊन काढता काढता इरफान वैतागायचा. "कोण बाई एवढं तेल थापते? नक्की काकू असणार." तेव्हापासून तिचं नाव बेळगावच्या काकू पडलं. मिहिकाने तीन वर्षं काकूंच्या पेशी मोजल्या होत्या. काकूंचं घर कसं असेल, त्यांना मुलं असतील का, हेही तिने कधीतरी मनाशी रंगवलं होतं.

पडद्यावर चित्र उमटलं. निळे ठिपके म्हणजे खूण नसलेल्या पेशी. आणि त्यांच्यात, मुळाच्या फुगवट्यापाशी, दोन-तीन नारिंगी.

"काकूंची स्लाइड परत लावलीस," इरफान म्हणाला.

"नाही."

"मग हात धुतले नव्हतेस."

मिहिकालाही तेच वाटलं. पण हातावरची खूण लागली असती, तर सगळ्याच पेशींवर लागली असती. इथे मोजक्या पेशींत होती, आणि त्या पेशींमध्येही दोनपैकी एकाच धाग्यावर. बाटलीतून सांडलेलं रसायन इतकं निवडक वागत नाही. असं चित्र फक्त एकाच प्रकारे तयार होतं, ज्या माणसाला ही खूण आईच्या पोटात मिळाली, त्याच्या शरीरात.

तिने नवे हातमोजे घेतले, दुसऱ्या खोलीतलं यंत्र घेतलं, दुसरा केस घेतला. चित्र तेच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिणाऱ्या अर्हमच्या डोक्यावर तिने झडप घातली.

"आई गं! लग्नात सांगायचं होतंस, नवऱ्याला भादरून घेतात म्हणून."

"गप. एकच हवाय."

अर्हमचा केस मुळापासून टोकापर्यंत निळा निघाला. म्हणजे यंत्र बरोबर होतं.

काकूंच्या डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचायला मॅडमची सक्त मनाई होती, ओळख उघड होते म्हणून. मिहिकाने तो वाचला, शेजारी स्वतःचा ठेवला. यंत्राला दोन्हीत फरक सापडला नाही. मग तिने ते बिघडणारं जनुक शोधलं. दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. आईकडून आलेली, आणि बाबांकडून आलेलीही.

ती स्टुलावर बसून राहिली. इरफान काहीतरी विचारत होता, पण तिला ऐकू येत होतं ते भलतंच. दिवाळीची पहाट, विश्रामबागेतलं मॅडमचं घर, पाटावर बसलेली ती. मॅडमना मूलबाळ नव्हतं. नरकचतुर्दशीला तिच्या डोक्याला तेल लावायचा मान त्यांनी तिच्या आईकडे मागून घेतला होता, ती पाचवीत असताना. तसाच वाढदिवसाला. कोमट तेल, मॅडमची लांब बोटं, आणि मग दर वेळी ते लाडाचं वाक्य, "अगंबाई, पांढरा केस! थांब, काढते हं."

ते तेल इरफानने इतकी वर्षं धुतलं होतं.

*

समडोळीला जाणारी बिनचालकाची एसटी पाण्यामुळे वळसा घेऊन गेली. मिहिका घरी पोहोचली तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. चातुर्मास होता, आणि सूर्य मावळायच्या आत तिला जेवायचं होतं.

"अशी कशी अचानक आलीस? अर्हम नाही आला? बस की, गरम भाकरी खा."

"आई, मी पोटात असताना तुला इंजेक्शनं दिली होती का?"

आईचा हात पिठात थांबला. मग परत थापू लागला. "ताकदीची होती ती."

"आई."

"कोण बोललं तुला?"

"कोणी नाही. माझेच केस तपासले मी."

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि तव्याकडे बघतच बोलली. "पारस सहा वर्षांचा होता. शेवटी शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं त्याच्या. मला म्हणायचा, आई, देवळात जा आणि सांग, की पारस आता बास म्हणतोय. सहा वर्षांचं पोर असं बोलतं काय गं? आणि तेवढ्यात तू राहिलीस. तांबवेकर मॅडम तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होत्या. तुझी तपासणी करून म्हणाल्या, हेही तसंच निघालंय. पाडायचं, नाहीतर एक करून बघता येईल, उंदरांवर केलंय फक्त. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी गळ घातली नाही मला, मीच घातली."

"मग परदेशात कोणी गेलंच नव्हतं."

"परदेशात? तुझे बाबा कोल्हापूरच्या पुढे गेलेत कधी?"

मिहिकाला हसू फुटायच्या बेतात आलं, आणि त्याच्यामागोमाग रडू. तिने दोन्ही गिळलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, पोरीला कळलं तर ती आजाऱ्यासारखी वाढेल. आणि बाहेर कळलं तर मी तुरुंगात जाईन. परवानगी नव्हती ना त्यांना. आता ज्या बाईनं माझी लेक मला दिली, तिला मी तुरुंगात घालू?" आईने भाकरी उलटली. "आणि नुसतं तेवढंच केलंय काय त्यांनी? तुझी फी भरली, तुला सायकल घेतली, सुट्टीत ठेवून घेतलं, पुस्तकं दिली. सख्खी मावशी करत नाही एवढं. जीव आहे गं त्यांचा तुझ्यावर."

"माझे केस उपटायच्या त्या. तपासायला."

"केसाचं मला काय माहीत नाही," आई म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं. तिच्या तोंडावरूनच ते दिसत होतं. तव्यावरची भाकरी काढत ती म्हणाली, "पण उपटला एखादा, म्हणून काय बिघडलं?"

मिहिकाने ताट पुढे ओढलं. सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता, आणि ती जेवली नसती तर आईही जेवली नसती.

*

रविवारी सकाळी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखी स्वतः कॉफी केली, नेहमीसारखा मिहिकाचा मग शोधून काढला. साठी उलटली तरी त्यांच्या हालचाली अजून चटपटीत होत्या.

"झाली का तयारी? पूर्वपीठिका लांबवू नकोस. माजी न्यायाधीश आहेत अध्यक्ष, त्यांना थेट बोलणं आवडतं."

"कंट्रोलच्या पेशी आल्या नाहीत, मॅडम. मी माझा केस वापरला."

मॅडमनी मग खाली ठेवला. त्यांचे डोळे एकदम उजळले, आणि त्या उजळलेल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "किती पेशींत टिकलीय? फुगवट्यापाशीच ना?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात नेला.

"हा पहिला प्रश्न होता तुमचा," मिहिका म्हणाली.

"बाळ, सवय आहे. जन्माची सवय. मी तुला सांगणारच होते."

"कधी? उद्या समितीपुढे मी बेळगावच्या काकूंबद्दल बोलून झाल्यावर?"

मॅडमनी टेबलावरचा मग थोडा बाजूला सरकवला.

"मी तीन वर्षं स्वतःलाच मोजतेय. मॅडम, मागच्या वर्षी त्या लेखात मी लिहिलं, की संबंधित व्यक्तीची प्रकृती समाधानकारक आहे. तुम्ही तो लेख वाचलात. शाबासकी दिलीत."

"कारण काम उत्तम होतं."

"मला माझा अहवाल निर्दोष आहे असं सांगितलंत."

"तुला दहाव्या वर्षी काय सांगायला हवं होतं? की पारससारखीच तूही, आणि कदाचित वाचशील, कदाचित नाही? मिहिका, तू जिवंत आहेस. जळत्या घरातून बाहेर काढलंय मी तुला. पकडली गेले असते तर सगळं गेलं असतं माझं."

"त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तेव्हा मी नव्हतेच, मला विचारणार कोण? आईला विचारलंत, ती हो म्हणाली. पण मी दहा वर्षांची झाले, अठराची झाले, लग्न झालं माझं. त्यातल्या एका तरी दिवशी विचारता आलं असतं. मला एवढंच सांगा. शाळेत असल्यापासून मला हाताशी धरलंत, ते का?"

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "सुरुवातीला, तू नजरेसमोर राहावीस म्हणून. नंतर तू खरंच हुशार निघालीस."

"निघाले."

"चांगल्या अर्थाने म्हणतेय मी."

"म्हणजे नसते निघाले, तरी सायकल मिळाली असती."

"मिहिका, असं करू नकोस."

"आणि पांढरे केस? त्यातला एखादा तरी खरा होता का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "एकही नाही."

मिहिकाने कॉफीला हात लावला नव्हता. तिच्या मनात आणखी एक गोष्ट कालपासून सलत होती, ती ओठांवर यायला वेळ लागला.

"आई मला मुलाबद्दल कधी विचारत नाही. तिला भीती वाटत असेल, आता कळतंय. सासूबाईही नाही विचारत. विचारता फक्त तुम्ही. दर भेटीला. मी म्हणायचे, मॅडमना नातवंडाची हौस आहे."

त्या का विचारतात, ते दोघींनाही ठाऊक होतं. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच घडतात, आणि त्यानंतर त्यांच्यातला डीएनए पुन्हा नव्याने विणला जात नाही. तेव्हा बसलेली खूण बीजात तशीच्या तशी झोपून राहते. मिहिकाला मूल झालं, तर ते खुणेचे धागे त्याच्या पहिल्या पेशीत जातील, तिथून वाटत वाटत अगदी मोजक्या पेशींत. त्या कोणत्या? नव्या शरीरातल्या मूलपेशी जुना धागा ओळखतील, की बाकीच्यांसारखा वाहू देतील? जगात कोणालाच माहीत नव्हतं.

"तुलाही जाणून घ्यायचंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यांत दिसतंय मला."

"हो. तेच तर वाईट झालंय माझं." ती उठली.

"उद्या काय करणार आहेस?" आता पहिल्यांदा त्यांच्या आवाजात भीती होती. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण शमा मुजावर उद्या येणारेय. चौथा महिना आहे तिचा. पहिलं मूल गेलंय, आणि हेही तसंच आहे. मूलपेशी एकदा घडून गेल्या की खूण बसत नाही. समितीने पुढची तारीख दिली तर ते मूल संपलं. तुझ्या नमुन्याशिवाय समिती हो म्हणणार नाही, आणि तू नाही म्हणालीस तर नमुना उरणार नाही. एवढं लक्षात ठेव."

ते लक्षात ठेवायला सांगायची गरज नव्हती. रात्रभर तिला तेवढंच लक्षात राहिलं.

*

समितीच्या खोलीबाहेर बाकावर शमा बसली होती. तिशीच्या आतली, ओढणी घट्ट धरलेली, शेजारी नवरा. मिहिकाला बघून ती अर्धवट उठली. "मॅडम, होईल ना?"

"बसा तुम्ही," मिहिका म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

आत तिने उंदरांची चित्रं दाखवली, आकडे दाखवले, मग काकूंची नारिंगी पेशी पडद्यावर आणली. अध्यक्ष गोविलकर चष्मा कपाळावर सरकवून बघत होते.

"ही व्यक्ती कोण, याची माहिती आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "तिने स्वतः संमती दिली आहे का?"

"नाही, सर. तिला कालपरवापर्यंत माहीतच नव्हतं."

खोलीत कुजबुज झाली. मॅडम दुसऱ्या टोकाला ताठ बसल्या होत्या.

"ती व्यक्ती मी आहे," मिहिका म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. पारसपासून खोबरेल तेलापर्यंत. आवाज सपाट ठेवला, विशेषणं टाळली, नमुन्याचा अहवाल वाचावा तसं. एकदाच ती अडखळली, केसांपाशी.

मग गोविलकर म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झालाय हे उघड आहे. त्याची चौकशी वेगळी होईल. पण आज मला विचारायला हवं. हा नमुना वापरायला तुमची संमती आहे का? नाही म्हणालात, तर तो आम्ही बघितलाच नाही असं समजू. कोणी तुम्हाला दोष देणार नाही."

मिहिकाला जाणवलं, की आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला हा प्रश्न विचारत होतं. नाही म्हणण्यात किती सुख आहे हेही जाणवलं. एक शब्द, आणि मॅडमची तीस वर्षं धुळीला. दाराच्या काचेतून शमाच्या चपला दिसत होत्या.

"आजपर्यंतचं सगळं वापरा," ती म्हणाली. "यापुढे माझी एकही पेशी मिळणार नाही. आणि बाहेर बसलेल्या बाईंना नीट सांगा, की हा एकच नमुना आहे. मी खुणेमुळे वाचले, की अशीच वाचले, हे मला माहीत नाही. तांबवेकर मॅडमनाही माहीत नाही. एका नमुन्यावरून ते कळत नसतं. हे ऐकून त्या हो म्हणाल्या तरच खूण द्या. आणि मूल समजण्याजोगं झालं, की त्याला सांगायचं. त्याने नको म्हटलं, की तपासण्या थांबवायच्या. ही अट लिहून घ्या."

"तुम्ही चिडलेल्या आहात, तरी संमती देताय?"

"चिडलेय ती मॅडमवर, सर. शमाबाईंनी माझं काय केलंय?"

परवानगी मिळाली. मॅडमना त्याच दिवशी कामातून बाजूला व्हावं लागलं. जिन्यात त्यांनी मिहिकाला गाठलं. एका दिवसात त्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

"माझी माया खोटी नव्हती, मिहिका. एवढं तरी मान."

"नसेल खोटी. पण मी आता मागे बघते ना, तर मला ती वेगळी काढता येत नाही. कुठली माया होती, कुठली तपासणी. तुम्हाला येते का?"

मॅडमनी तोंड उघडलं. विचार केला. मिहिका थांबली होती, अगदी मनापासून थांबली होती, उत्तर यावं म्हणून. मग ती जिना उतरून गेली.

*

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता कोल्हापूरच्या एका दवाखान्यात मिहिकाला मुलगी झाली. ती आता तिथल्याच एका कॉलेजात शिकवत होती. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं. शमाला मुलगा झाल्याचं इरफानने कळवलं होतं, आणि मूल ठणठणीत आहे, पण एवढ्यात कोण काय सांगणार, असंही त्याने पुढे लिहिलं होतं.

बाळ छातीवर होतं, ओलं, रागावलेलं. अर्हम रडत होता आणि रडत नसल्याचं सांगत होता. पायांशी सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये नाळ घेऊन उभी होती.

"ताई, नाळेतलं रक्त जपून ठेवायचं का? हल्ली सगळे ठेवतात. नाहीतर टाकून देते."

ट्रेमध्ये ते गडद, चकाकणारं रक्त होतं. त्यात मूलपेशी असणार, लाखांनी. आणि त्यांतल्या एखाद्या पेशीत, कदाचित एकाच, समडोळीच्या एका बाईच्या पोटात विणला गेलेला धागा. असेल, किंवा नसेल. यंत्राला कळायला अर्धा तास लागला असता. इरफानला फोन केला असता, तर तो स्वतः गाडी काढून आला असता.

"थोडंसं काढून ठेवा," मिहिका म्हणाली. "एक थेंब पुरे. हिला काही कळणारही नाही."

सिस्टरने सुई उचलली. अर्हमने मान वर केली होती आणि तो बायकोकडे बघत होता, अनोळखी बाईकडे बघावं तसा. तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. तिच्या होता, दिवाळीच्या पाटावर बसून ऐकलेला. इतका लाघवी, इतका खात्रीचा, आणि तो तिच्याच घशातून आला होता.

"नको," ती म्हणाली. "सिस्टर, थांबा. नको."

"अहो ताई, काही दुखत नाही बाळाला. नाळ तर तुटलीय."

"माहीत आहे. टाकून द्या."

सिस्टरने खांदे उडवले आणि ट्रे पिवळ्या पिशवीत रिकामा केला. मिहिकाने पिशवी बाहेर जाईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही. दार लागलं तेव्हा तिला रडू आलं, आणि अर्हमला वाटलं, आनंदाने आलं.